घडीच्या चित्रपुस्तकावर अभिप्राय: पीडीएफ पाठवावी की डमी हातात द्यावी?

लांब पट्टीला पंख्यासारख्या घड्या घालून केलेलं चित्रपुस्तक कच्च्या रेखाटनापर्यंत आलं, की ते सोबतच्या चित्रकारांना दाखवायची वेळ येते. सगळी पानं ओळीने लावून पीडीएफ पाठवता येते, नाहीतर कागदाची डमी, म्हणजे खऱ्या आकाराचा कच्चा नमुना, करून हातात देता येते. काम दोन्हींनी होतं, पण माझा कल डमीकडे आहे.

पीडीएफ एका वेळी दहा जणांना जाते आणि सूचना लेखी राहतात. शुद्धलेखन, लांबलेलं वाक्य, मध्येच बदललेला सदऱ्याचा रंग अशा चुका तिथे चटकन सापडतात. अक्षराच्या आकाराबाबत मात्र तिच्यावर विसंबू नये. पडद्यावर माणूस पान मोठं करून वाचतो, त्यामुळे ६ पॉइंटचा मजकूरही त्याला पुरेसा वाटतो.

खरी अडचण अशी की पीडीएफमध्ये घडीच नसते. ४ आणि ५ या पानांच्या सांध्यावर आलेला चेहरा सपाट पट्टीत कुणालाच खटकत नाही. हातात घेतल्यावर तेच नाक घडीच्या धारेवर येतं आणि दोन डोळे दोन दिशांना वळतात. तसंच, समोर आठ आणि मागे आठ पानं असतील तर, ९वं पान. पीडीएफमध्ये ते ८व्यानंतर लगेच येतं, म्हणून गोष्ट सलग वाटते. प्रत्यक्षात ते ८व्याच्या पाठीवर असतं आणि बरेच वाचक पट्टी उलटतच नाहीत; ८व्यावर गोष्ट संपली असं समजून मिटून ठेवतात. ८व्या पानावरची एखादी वाट किंवा दोरी कडेपर्यंत नेऊन मागे वळवली तर हात आपोआप उलटतो. पण इथे अशी खूण हवी, हे पीडीएफ पाहणाऱ्याच्या ध्यानात येणं कठीण. उलट तो सुचवतो, ‘तिसऱ्या आणि पाचव्या पानाची अदलाबदल करा.’ चित्रात सलग नदी असेल तर तेवढ्याने ती चार ठिकाणी तुटते.

डमीला वेळ लागतो, हे खरं. ए१ कागदाच्या (५९.४ × ८४.१ सेंमी) लांबीला धरून चार पट्ट्या कापाव्यात. प्रत्येकीत ए६ आकाराची (१०.५ × १४.८ सेंमी) आठ पानं बसतात, म्हणजे एका कागदात चार जणांची सोय. कागद ९० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) पुरे. एका टोकापासून पान-पान मोजत घड्या घालू नयेत; दर पानाला १ मिमी चुकलं तरी सातव्या घडीपर्यंत ७ मिमी फरक साचतो. आधी मधली घडी, मग दोन्ही टोकं मध्यावर, मग प्रत्येक भाग पुन्हा निम्मा, आणि शेवटी घड्या आलटून-पालटून वळवाव्यात. मागच्या बाजूला चित्रं असतील तर पाठपोट पानांची बेरीज १७ येते का पाहावं: १ मागे १६, ३ मागे १४.

डमी देताना काही समजावून सांगू नये. हात कुठे थांबतो, एकदम दोन पानं कुठे उघडली जातात, पट्टी उलटली जाते का, एवढं पाहावं. मग दोनच प्रश्न: काय घडलं, आणि कुठे मागे जावंसं वाटलं? उत्तर त्याच डमीवर पेन्सिलने लिहून घ्यावं. प्रत्येकाला वेगळी डमी द्यावी, नाहीतर पहिल्याच्या खुणा पाहून बाकीचे मान डोलावतात. चारपैकी दोघांनी एकाच घडीवर खूण केली तर मी ते चित्र बदलतो. एकट्याची खूण असेल तर पुढच्या डमीपर्यंत थांबतो.

सोबती दूर असतील तर पीडीएफ पाठवणं भाग आहे. तेव्हा ती ए३ची करावी: आडव्या कागदावर एकाखाली एक दोन पट्ट्या, प्रत्येकीत चार पानं. छापताना आकार १०० टक्केच ठेवायला सांगावा. ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला तर पानं लहान होतात. दोन्ही पट्ट्या मागून २ सेंमी रुंद पातळ कागदाने जोडायच्या. सांधा चौथ्या-पाचव्या पानांमधल्या घडीवरच येतो. अशा जोडणीत समोरची आठच पानं तपासता येतात. आणि लेखी मताच्या आधी डमी उघडतानाचं हातांचं चित्रण मागावं, फोन वर धरून, एका दमात घेतलेलं.