पहिली चिप अ‍ॅल्युमिनियमची करावी की नायोबियमची?

अतिसंवाहक (अतिथंड झाल्यावर विद्युतरोध शून्य होणाऱ्या धातूंच्या) नॅनो-उपकरणांवर पीएचडी सुरू केलेली ठाणे-ऐरोलीकडची मुलं भेटली की हा प्रश्न निघतोच. दोन्ही धातूंवर माझी प्रत्येकी दोन-दोन वर्षं गेली आहेत, म्हणून लिहितो.

अ‍ॅल्युमिनियमची बाजू भक्कम आहे. जोसेफसन जंक्शन, म्हणजे दोन अतिसंवाहकांमध्ये अतिपातळ विद्युतरोधक थर, करायचं तर इतका गुणी धातू दुसरा नाही. ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने) रेझिस्टमध्ये, म्हणजे नक्षी कोरायच्या पॉलिमरच्या थरात, अधांतरी पूल कोरायचा, एका कोनातून अ‍ॅल्युमिनियमचा पहिला थर टाकायचा, चेंबरमध्ये थोडा ऑक्सिजन सोडायचा आणि दुसऱ्या कोनातून वरचा थर. जेरल्ड डोलन यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही युक्ती. मधला ऑक्साइड जेमतेम एक-दोन नॅनोमीटर, आणि बाहेरची हवा न लागता तयार. क्वांटम संगणकाचे ट्रान्समॉन क्युबिट आजही बहुतेक याच वाटेने बनतात.

नायोबियम त्या मानाने हट्टी. वितळायलाच सुमारे २,४७७ अंश सेल्सियस लागतात, त्यामुळे बाष्पीभवनाने थर टाकायला गेलं की रेझिस्ट भाजतो. मग स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून थर बसवणं) आणि एचिंग (नको तो धातू कोरून काढणं). व्हॅक्यूम जरा कच्चा राहिला की ऑक्सिजन आत शिरतो आणि ९.२ केल्व्हिनचं संक्रमण तापमान, म्हणजे ज्याखाली धातू अतिसंवाहक होतो ते, घसरतं. लिफ्ट-ऑफ केलं, म्हणजे रेझिस्ट विरघळवून त्यावरचा धातू काढला, तर रेषेच्या कडांना धातूचे कान उभे राहतात.

एवढं असूनही माझं मन नायोबियमकडे वळलं, ते उत्तर कळायला लागणाऱ्या वेळामुळे. अ‍ॅल्युमिनियम साधारण १.२ केल्व्हिनला अतिसंवाहक होतं, म्हणजे द्रव हेलियमचे ४.२ केल्व्हिन पुरत नाहीत. आमच्याकडे त्यासाठी डायल्यूशन फ्रिज, म्हणजे केल्व्हिनच्या शंभराव्या भागापर्यंत थंड करणारं यंत्र, वापरावा लागतो. एका जुलैत माझी चिप त्यात बसवली. डबे बंद केले, पंप लावला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थंड झाली. वायर बाँड (चिपला बाहेरच्या तारांशी जोडणारी बारीक तार) सुटलेला. पुन्हा गरम करायला दीड दिवस. त्या आठवड्यात भर पावसात ठाण्याहून चार खेपा झाल्या आणि वहीत एकच नोंद पडली: कॉन्टॅक्ट ओपन. फ्रिज चौघांत वाटलेला, त्यामुळे पुढची पाळी तीन आठवड्यांनी आली. चूक चिपमध्ये होती की बाँडमध्ये, हे तोवर कळलं नाही.

नायोबियमसाठी मी वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांकडून पातळ स्टीलच्या नळीच्या टोकाला तांब्याचा होल्डर करून घेतला. चिप लावायची आणि हेलियमच्या डेवरमध्ये (थर्मासासारख्या टाकीत) हळूहळू खाली सोडायची. द्रवाच्या वरच्या थंड वाफेतच रोध कोसळताना दिसतो. सकाळी बाँडिंग, दुपारच्या चहापर्यंत क्रिटिकल करंट, म्हणजे अतिसंवाहकता मोडेपर्यंत वाहू शकणारा जास्तीत जास्त प्रवाह, हातात. एकदा दिवसात तीन चिपा तपासल्या आणि माझं एचिंग रेषेच्या कडा खातंय हे त्याच संध्याकाळी समजलं.

अर्थात, नायोबियमच्या रेषेत कोरलेला अरुंद पूल म्हणजे मधे ऑक्साइड असलेलं खरं टनेल जंक्शन नव्हे. करंट चढवताना आणि उतरवताना व्होल्टेजचा आलेख वेगळा येतो. बरेचदा तो पूल तापल्याचा परिणाम असतो. क्युबिटच करायचे असतील तर अ‍ॅल्युमिनियमला पर्याय सापडणं कठीण. तुमच्याकडे हेलियम-३चा क्रायोस्टॅट (१.२ केल्व्हिनच्या खाली नेणारं, डायल्यूशन फ्रिजहून साधं यंत्र) मोकळा असेल, तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते. माझं म्हणणं पहिल्या वर्षापुरतंच आहे, कारण त्या वर्षात चुका पटापट दिसायला हव्यात.

फ्रिजच्या बुकिंग वहीत पुढचे दोन महिने आधी बघून या. नायोबियमच ठरलं, तर नळी डेवरच्या तळापर्यंत पोचेल अशी मोजून घ्या आणि वाफ रिकव्हरी लाइनला (हेलियम परत गोळा करणाऱ्या नळीला) जोडा; हेलियम आपल्याकडे बाहेरून येतो.