चार महिन्यांचं एमबीए आणि माझा झालेला पोपट

आधीच सांगते, मी काही भोळीभाबडी नाही. तेरा वर्षं लॉजिस्टिक्समध्ये काढलीत, व्हेंडरची बिलं डोळ्यांत तेल घालून तपासायची हीच माझी नोकरी, आणि तरी मी एका बोगस एमबीएवर जवळजवळ अडीच पगार घालवले. लिहायला लाज वाटतेय, पण परवा ऑफिसातल्याच एकीने तसलीच जाहिरात पाठवून "हे कसं वाटतंय गं" विचारलं, म्हटलं आता लिहूनच टाकते.

झालं काय, की प्रमोशनच्या वेळी दोनदा "मॅनेजमेंटची डिग्री नाही" हे ऐकून घेतलं. नोकरी सोडून वर्षभर कॅम्पसवर जाणं जमणारं नव्हतं आणि नावाजलेल्या ठिकाणच्या एक्झिक्युटिव्ह एमबीएची फी बघून मी टॅबच बंद केला. मग रात्री जागून स्वस्त, छोटा, ऑनलाइन, अनुभवी लोकांसाठी असं काय काय सर्च केलं, दुसऱ्या दिवसापासून जाहिराती पाठीच लागल्या. एक फॉर्म भरला, दहा मिनिटांत फोन.

काउन्सेलर इतका गोड बोलणारा की विचारू नका. फीचं नाव नाही, कोर्सचं नाव नाही, अर्धा तास फक्त माझं काम विचारत बसला. टीम केवढी आहे, गोडाऊन किती सांभाळता, माल खराब व्हायचं प्रमाण कसं खाली आणलंत. मी बोलत गेले. तेरा वर्षांत माझ्या एकाही साहेबाने एवढं विचारलं नव्हतं हो! शेवटी म्हणतो, "मॅडम, तुम्हाला काय शिकवायचं, तुम्हीच एमबीएवाल्यांना शिकवाल, तुमचा अडलाय तो फक्त कागद." अनुभवाचे क्रेडिट धरले तर ७० टक्के डिग्री झालेलीच आहे, उरलेली चार महिन्यांत, आणि आज रात्री बारापर्यंत पहिला हप्ता भरलात तर ६० टक्के स्कॉलरशिप. मी पावणेबाराला भरला.

स्वस्त म्हणून फसले असं सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे कौतुकाला भुलले.

अनुभवाला क्रेडिट देणं हा प्रकार खोटा नाही, चांगल्या युनिव्हर्सिट्याही देतात, पण तिथे पोर्टफोलिओ मागतात, पुरावे तपासतात आणि मोजक्या विषयांची सूट मिळते. फोनवर अर्ध्या तासात ७० टक्के डिग्री कोणी देत नाही. एक हिशोब मी तेव्हा करायला हवा होता, एक्सेलमध्ये दिवसभर दुसरं करतेच काय मी. युरोपात अभ्यास मोजायची ईसीटीएस नावाची पद्धत आहे, तिचं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात आणि पूर्णवेळ एका वर्षाचे ६० क्रेडिट. म्हणजे कमीत कमी १,५०० तास. नोकरी सांभाळून आठवड्याला १५ तास काढले, आणि तेवढे काढूनच दाखवा, तरी १०० आठवडे लागतात. माझे चार महिने म्हणजे फार तर अडीचशे तास.

मान्यता बघितली नाही असंही नाही. वेबसाइटवर एका इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिलचा सोनेरी शिक्का होता, क्लिक केलं तर त्या कौन्सिलची वेगळी साइट उघडली, यादीत आमच्या युनिव्हर्सिटीचं नाव, मी खूश. नंतर कळलं की ती कौन्सिलही त्यांचीच. दोन्ही साइट शेजारी शेजारी उघडल्या तर संपर्काच्या पानावर एकाच शब्दात एकच स्पेलिंगची चूक आणि हेडफोन लावून हसणारी तीच बाई. या धंद्यात हे जुनंच आहे म्हणे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट या खोट्या डिग्र्या विकणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं, त्यातही खोट्या युनिव्हर्सिट्यांना मान्यता देणाऱ्या खोट्या संस्था होत्याच.

मधले महिने मजेत गेले, हेच खरं तर खटकायला हवं होतं. टेस्टमध्ये नापास झालं की तोच पेपर परत, हवा तितक्यांदा. शेवटी एक प्रोजेक्ट रिपोर्ट होता, त्यावर मी मनापासून मेहनत घेतली, शनिवार-रविवार घालवले, आणि अपलोड करताना घाईत जुना ड्राफ्ट चढवला. त्यात तिसऱ्या पानावर लाल अक्षरात मीच लिहून ठेवलेलं, "इथे मागच्या वर्षीचे आकडे टाकायचे, प्रकाशला विचार". दोन तासांत निकाल आला, डिस्टिंक्शन! शेरा काय तर सखोल विश्लेषण. मी खो खो हसले, नवऱ्याला दाखवलं, तो हसला नाही, म्हणाला अगं हे कुणी वाचलेलंच नाहीये. मी म्हटलं चेष्टा करू नकोस.

मग सर्टिफिकेट फी, कुरिअर फी, वर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून देतो त्याची वेगळी फी. या अपोस्टिलने मी पुरती निर्धास्त झाले, सरकारी शिक्का आहे म्हणजे डिग्री खरीच असणार ना. तर तसं नसतं. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का ज्याचा म्हणून सांगितलाय त्याचाच आहे एवढंच, आतला मजकूर खरा आहे का हे त्यात कोणी बघत नाही. नोटरीने प्रमाणित केलेल्या कागदालाही अपोस्टिल मिळू शकतं. अशा साइटवर आयएसओ ९००१ चा शिक्का दिसला तर त्याचंही तेच, तो कामाच्या पद्धतीचा दाखला आहे, शिक्षणाशी त्याचा संबंध नाही.

भांडं फुटलं ते ऑफिसात. लिंक्डइनवर डिग्री टाकून झाली होती, अभिनंदनाचा पाऊस पडून गेला होता, आणि नव्या पोस्टसाठी एचआरने कागद पडताळणीला पाठवले. रिपोर्टमध्ये एकच ओळ, संस्था मान्यताप्राप्त नाही. मला केबिनमध्ये बोलावून लेखी खुलासा मागितला. नोकरी वाचली ती मॅनेजरने शब्द टाकला म्हणून, पोस्ट अर्थातच गेली. ज्या मुलाला मी काम शिकवलं तो आज माझा बॉस आहे, असो.

इथे संपलं असतं तर बरं. काउन्सेलरला जाब विचारला तर त्याने आवाजच बदलला, आणि आठवड्याने "लीगल डिपार्टमेंट"मधून दुसराच माणूस, तुमच्या डिग्रीची चौकशी सुरू आहे, सेटलमेंट भरा नाहीतर कंपनीला कळवतो. माझ्या कंपनीला आधीच कळलेलं होतं म्हणून मी फोन ठेवू शकले, नाहीतर भरलेही असते. अ‍ॅक्झॅक्टच्या गिऱ्हाइकांनाही असेच धमकीचे फोन करून उकळलं होतं. असा फोन आला तर एक पैसा देऊ नका, नंबर आणि मेसेज जपून ठेवा, सायबर पोलिसांकडे जा. कार्डावर भरलेला शेवटचा हप्ता मी बँकेत डिस्प्युट टाकून परत मिळवला, त्याला मुदत असते, लाजेपायी वेळ घालवू नका. बाकीचे पैसे ट्रान्सफर केले होते, ते गेले.

आता तपासायचं कसं. त्यांच्या साइटवरून कुठेच क्लिक करायचं नाही, स्वतः वेगळं शोधायचं. ती युनिव्हर्सिटी ज्या देशाची म्हणवते तिथल्या शिक्षण खात्याच्या यादीत नाव आहे का, युनेस्कोबरोबर चालणाऱ्या डब्ल्यूएचईडी या जगभरच्या युनिव्हर्सिट्यांच्या डेटाबेसमध्ये आहे का, आणि एएसीएसबी, इक्विस किंवा अँबा या बिझनेस स्कूलसाठीच्या मान्यतांच्या यादीत, त्यांच्या स्वतःच्या साइटवर, आहे का. या शेवटच्या तीन मान्यतांपैकी एकही नाही म्हणजे लगेच बोगस असं नाही, स्वस्तातल्या चांगल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांकडेही बरेचदा नसतात, पण त्या देशाची अधिकृत मान्यता हवीच हवी. आणि पैसे भरायच्या आधी आपल्या एचआरला एक मेल टाका, ही डिग्री धराल का म्हणून. मला हे सुचलंच नाही, कारण मला सरप्राइज द्यायचं होतं.

सध्या एका खऱ्या, दोन वर्षांच्या पार्ट-टाइम कोर्सला अर्ज केलाय. चौकशीच्या मेलला नऊ दिवसांनी उत्तर आलं, कौतुक वगैरे काही नाही, सोबत चाळीस पानांची पीडीएफ. माझ्या तेरा वर्षांबद्दल विचारलं होतं, तर म्हणे एका विषयाची सूट मिळू शकेल, तीही कागदपत्रं बघून.