तिकीट ॲपवरचं रेटिंग : सोलापुरात कितपत कामाचं?
तिकीट ॲपवरचा रेटिंगचा आकडा शुक्रवारी दुपारी बघूच नका. पहिली मतं टाकणारे बहुतेक कट्टर फॅनच. रविवारी रात्री बघा, तेही एकूण मतं किती पडलीत ते वाचून. समीक्षकांवरून मित्रांत कितीही जुंपू दे, मध्यंतरानंतर सिनेमा रेंगाळतो का हे कळायला समीक्षण लागतंच. स्टार मोजू नका.

आपल्याकडे तेलुगू सिनेमे मूळ भाषेत लागतात, तसे हिंदी डबिंगमध्येही. समीक्षण बहुधा एकाच आवृत्तीचं असतं, म्हणून बुकिंग करताना भाषा तपासा. विनोद डबिंगमध्ये मेलेत का, हे शहराच्या पूर्व भागातला तेलुगू बोलणारा मित्रच सांगेल! पडदा अंधुक दिसण्यामागे बऱ्याचदा प्रोजेक्टरचा जुना दिवा असतो. ती तक्रार थिएटरच्या गूगल रिव्ह्यूत शोधा.