मध्ययुगीन कलेतिहासाची ऑनलाइन व्याख्यानं: कोल्हापुरात बसून काय घ्यावं, काय सोडावं

निकाल आधीच सांगतो. लंडनची व्याख्यानं थेट ऐका, न्यूयॉर्कची बहुतेक रेकॉर्डिंगवर पाहा, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते एखाद्या संस्थेच्या विद्यार्थी सभासदत्वावर करा. सुट्या व्याख्यानांवर पैसे घालवायची गरज नाही, कारण उत्तमातली उत्तम व्याख्यानं फुकट आहेत. कलानिकेतन किंवा दळवीज या कला महाविद्यालयांतल्या मुलांना, विद्यापीठात इतिहास घेतलेल्यांना आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर पाहायला वारंवार जाणाऱ्या कोणालाही त्यांचा फायदा आहे.

लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटची व्याख्यानं या सगळ्यांत वरची. वक्ता एकच वस्तू घेतो आणि तासभर तिच्यातच राहतो. लंडनच्याच बर्कबेक कॉलेजचे मरे सेमिनार त्याहून छोटेखानी असतात, त्यामुळे शेवटी प्रश्न विचारायला वाव जास्त. लंडनचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. जेवण उरकून आरामात बसता येतं. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सहा मात्र आपले पहाटेचे साडेचार किंवा साडेतीन. तिथला दुपारी बाराचा कार्यक्रम असेल तरच थेट ऐका.

वेळेचा घोळ मार्चमध्ये हमखास होतो. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमधली शेवटच्या रविवारी. मधल्या काळात नेहमीचं गणित तासाभराने चुकतं. शरद ऋतूत हाच प्रकार आठवडाभर असतो. म्हणून जाहिरातीतल्या वेळेच्या लघुरूपावर (GMT, EST वगैरे) विसंबू नका. मोबाइलच्या घड्याळात लंडन आणि न्यूयॉर्क ही दोन शहरं टाकून ठेवा आणि त्या तारखेची वेळ शहराच्या नावाने तपासा. झूमची लिंक बऱ्याचदा त्याच दिवशी येते आणि स्पॅममध्ये पडते, तेव्हा तिथेही नजर टाका.

थेट व्याख्यानाचा खरा तोटा चित्रांचा. स्क्रीन शेअर करताना झूम चित्र दाबून पाठवतं. नेट मंदावलं की आधी बारीक रेषाच फिसकटतात, आणि हस्तलिखितात तर सगळं त्या रेषांतच असतं. बुक ऑफ केल्स या डब्लिनमधल्या सचित्र बायबल-हस्तलिखिताचं 34 क्रमांकाचं पान घ्या. ख्रिस्ताच्या नावातली ग्रीक अक्षरं पानभर पसरली आहेत आणि खालच्या बाजूला मांजरं, उंदीर, तोंडात मासा धरलेलं पाणमांजर आहे. झूमवर हे नुसते तपकिरी डाग दिसतात. म्हणून वक्त्याने ग्रंथालयाचं नाव, हस्तलिखिताचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक सांगितला की लगेच लिहून घ्या. पानाची पुढची बाजू की मागची, हेही टिपा, नाहीतर नंतर भलतंच चित्र उघडतं. मग दुसऱ्या खिडकीत त्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तेच पान मोठं करून पाहा. डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज, ऑक्सफर्डचं बोडलियन, व्हॅटिकन, पॅरिसचं गॅलिका आणि स्वित्झर्लंडचं ई-कोडिसेस या सगळ्यांवर हे विनामूल्य होतं. ब्रिटिश लायब्ररीची हस्तलिखितं ऑक्टोबर 2023 मधल्या सायबर हल्ल्यानंतर बराच काळ बंद होती, त्यामुळे जुन्या लेखांतल्या तिथल्या लिंका चालतीलच असं नाही.

व्याख्यानाच्या खाली आपोआप उमटणारी इंग्रजी अक्षरं (कॅप्शन) लॅटिन शब्द आणि संतांची नावं वाटेल तशी लिहितात. त्यांवरून टिपण काढू नका. रेकॉर्डिंग असेल तर वेग थोडा कमी करून ऐका. मात्र प्रत्येक व्याख्यानाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर येत नाही, कारण फोटोंचे हक्क आड येतात. जे हवंच आहे ते थेट ऐकलेलं बरं.

व्याख्यानांपेक्षाही मोठा ठेवा म्हणजे प्रिन्स्टनचा इंडेक्स ऑफ मेडिएव्हल आर्ट. चार्ल्स रुफस मोरे यांनी 1917 मध्ये सुरू केलेली ही चित्रविषयांची सूची. जुलै 2023 पासून तिची वर्गणी बंद झाली, आता ती सर्वांना खुली आहे. वाक्य टाइप करून शोधलंत तर हाती काही लागणार नाही. आधी विषयांची यादी उघडा, त्यातला नेमका शब्द निवडा, मग काळ आणि माध्यम लावून यादी आवळा. हत्तीपासून सुरुवात करा. 1255 मध्ये फ्रान्सच्या राजाने इंग्लंडच्या राजाला जिवंत हत्ती भेट दिला आणि मॅथ्यू पॅरिस या इंग्लिश मठवासी इतिहासकाराने त्याचं चित्र काढलं. त्याआधीच्या युरोपीय चित्रकारांचे हत्ती बहुतेक ऐकीव माहितीवर उभे आहेत. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या गजपट्टातले, म्हणजे पायथ्याच्या रांगेतले, हत्ती मनात ठेवून ही चित्रं पाहिली, की सोंड कुठून फुटते आणि गुडघा कसा वाकतो याकडे आपोआप लक्ष जातं.

युरोपच्या या कार्यक्रमांत दख्खन जवळजवळ नाहीच, ही त्यांची ठळक उणीव. ती भरून काढायला बंगळुरूच्या मॅप अकादमीचे विनामूल्य अभ्यासक्रम नवख्यांसाठी चांगले आहेत. मंदिर आणि मूर्ती यांत खोल जायचं तर मुंबईच्या ज्ञानप्रवाहचे सशुल्क वर्ग पाहा. गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा छायाचित्रसंग्रहही चाळाच.

स्वतःचा शोधनिबंध सादर करायचा असेल तर दोन मोठी संमेलनं आहेत, मे महिन्यात अमेरिकेतल्या कॅलमझूचं आणि जुलैमध्ये इंग्लंडमधल्या लीड्सचं. दोन्हीकडे ऑनलाइन सहभाग घेता येतो. प्रस्ताव आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यावे लागतात, त्यामुळे गणपतीच्या धामधुमीत तारीख निसटते. सारांश साधारण 250 ते 300 शब्दांचा आणि भाषण 20 मिनिटांचं, म्हणजे लिहिलेले 2400 शब्द पुरे. सारांशात मंदिराचा इतिहास सांगत बसलात तर प्रस्ताव मागे पडतो. पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न मांडा. उदाहरणार्थ, कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल मोकळं का ठेवलं, आणि 48 खांबांपैकी आतल्या वर्तुळातले 12 खांब त्या मोकळ्या जागेशी कसे जुळवले?

शुल्काच्या वेळी कार्ड अडतं. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आधी सुरू करा आणि पैसे भरून झाले की पुन्हा बंद करा. रुपे कार्ड अनेक परदेशी संकेतस्थळं घेत नाहीत. लीड्सला शुल्कसवलतीसाठी वेगळा अर्ज करता येतो. तो प्रस्तावासोबत आपोआप जात नाही, त्याची मुदत वेगळी असते.