नवी बॅटरी की सेल्फचं काम?

मृग तोंडावर आला, जुना ट्रॅक्टर चावी फिरवली की नुसता 'टक' करतो. बॅटरी बदलावी की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, उघडावा?

आधी बॅटरीची टर्मिनल खरडा. पांढरट-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं निघते. अर्थिंगची वायर चेसिसला घट्ट आवळा. निम्मी दुखणी इथंच संपतात.

मग मल्टीमीटर लावा. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. 12 च्या खाली असेल तर आधी चार्जिंग. सेल्फ मारताना काटा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय. पण घाई नको: बुश (दांड्याला आधार देणारी कडी) झिजून आर्मेचर (सेल्फमधला फिरता भाग) घासत असेल तरी सेल्फ जास्त करंट ओढतो. शेजाऱ्याची चांगली बॅटरी लावून बघा. तिच्यावरही तेच झालं, तर दोष सेल्फचा.

खर्चात सेल्फ स्वस्त: कार्बन (करंट पोचवणारे ब्रश) आणि बुश बदलणं नव्या बॅटरीपेक्षा कितीतरी कमी. आर्मेचर जळालं असेल तर मात्र हिशोब उलटतो. मेहनतीत बॅटरी सोपी, पान्यानं दहा मिनिटं. सेल्फ काढायचा तर आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग मोंढ्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे अर्धा दिवस. टिकण्याचं म्हणाल तर आपल्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी झपाट्यानं आटतं; प्लेटा उघड्या पडल्या की ती गेलीच. डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको.

चार वर्षं जुनी, रात्रीत उतरणारी बॅटरी असेल तर बॅटरी घ्या. चांगल्या बॅटरीवरही 'टक'च होत असेल तर सेल्फ उघडा. इंजिन जोरात फिरूनही पेटत नसेल, तर दोन्ही सोडा आणि डिझेल लाइनमधली हवा काढा.