म्हाताऱ्या मांजराचा थायरॉईड वाढलाय: गोळी, मलम, खास आहार, आयोडीन की ऑपरेशन?

मांजर दहा-बारा वर्षांचं झालंय. त्याला खा खा सुटलीय, वाटी चाटूनपुसून साफ होते आणि तरी पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागतात. पाणी जास्त पितं, मधूनमधून ओकतं, रात्री घरभर ओरडत फिरतं, अंगावरचे केस विस्कटलेले. रक्ततपासणीत टी-४, म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक, वाढलेला निघतो आणि डॉक्टर एका दमात चार-पाच पर्याय सांगतात. घरी येईपर्यंत त्यातला अर्धा भाग डोक्यातून गेलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक मांजरांची सुरुवात औषधाने करावी. किडन्या ठीक असतील, पुढे काही वर्षं दिसत असतील आणि सोय उपलब्ध असेल, तर नंतर किरणोत्सारी आयोडीन द्यावं. खास आहार आणि ऑपरेशन हे ठराविक परिस्थितीतच कामाचे. यातून तुमचं मांजर कुठे बसतं ते ठरवायला पुढचं सगळं.

आधी किडन्यांचं बघा

उपचारांची तुलना करताना लोक थेट गोळी आणि आयोडीनपाशी येतात, पण निकाल बऱ्याचदा किडन्या लावतात. थायरॉईड वाढला की हृदय जोरात चालतं, किडनीतून जास्त रक्त वाहतं आणि गाळण्याचं काम वेगाने होतं. त्यामुळे मुळात कमकुवत असलेली किडनीसुद्धा रिपोर्टमध्ये धडधाकट दिसते. त्यात मांजराचे स्नायू झडलेले असतात, आणि किडनी तपासायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंतूनच येत असल्याने तो आकडाही खोटा कमी दिसतो. उपचाराने थायरॉईड ताळ्यावर आला की हे झाकण उघडतं आणि बऱ्याच मांजरांत किडनीचा आजार तेव्हा पहिल्यांदा समोर येतो.

यावर काही जण म्हणतात, मग थायरॉईड वाढलेलाच राहू द्या, निदान किडनी तरी चालेल. हे गणित चुकतं. वाढलेला थायरॉईड हृदय आणि रक्तदाब बिघडवतो आणि किडनीलाही राबवून राबवून झिजवतो. उपचाराने किडनीचा आजार पैदा होत नाही, असलेला दिसू लागतो.

औषधाने सुरुवात करायची ती याचसाठी. औषध मागे घेता येतं, डोस कमी करता येतो. तीन-चार आठवडे गोळी देऊन क्रिएटिनिन, लघवीची घनता आणि टी-४ पुन्हा पाहिले की कायमचा उपचार झेपेल का याचा अंदाज येतो. आयोडीन आणि ऑपरेशनला परतीची वाट नसते.

याच भेटीत रक्तदाबही मोजून घ्या. वरचा आकडा १६० च्या पुढे सारखा राहत असेल तर त्याला वेगळं औषध लागतं, बहुधा अ‍ॅम्लोडिपिन. वाढलेल्या रक्तदाबाने डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. थायरॉईड आटोक्यात आल्यावरही काही मांजरांचा रक्तदाब चढतो, म्हणून एकदा मोजून सोडून द्यायचं नाही.

गोळी आणि मलम

दोन्हींत औषध एकच, मेथिमॅझोल. काही ठिकाणी कार्बिमॅझोल मिळतं, पण शरीरात गेल्यावर त्याचंही मेथिमॅझोलच होतं. त्यामुळे एकाचा गंभीर त्रास झाला म्हणून दुसरं देऊन बघण्यात अर्थ नाही. हे औषध ग्रंथीला नवं संप्रेरक बनवू देत नाही. ग्रंथीतली गाठ मात्र तशीच राहते आणि हळूहळू वाढत जाते, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी डोस वाढवावा लागू शकतो.

गोळी साधारण २.५ मिलिग्रॅमपासून, दिवसातून दोनदा सुरू होते आणि दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. मांजर गोळी घेत असेल तर हाच सगळ्यात सरळ आणि भरवशाचा मार्ग. घेत नसेल तर काय होतं ते मांजरवाल्यांना ठाऊक आहे: गोळी गिळल्यासारखं दाखवून दहा मिनिटांनी ती सोफ्याखाली ओली सापडते. वरचं आवरण असलेली गोळी फोडायची किंवा कुटायची नाही. एक तर ती कडू लागते, आणि भुकटी तुमच्या हाताला, श्वासाला जाते. सिरिंजने द्यायचं पातळ औषधही काही देशांत मिळतं. ज्याच्या जबड्यात बोट घालायची सोय नाही त्या मांजरासाठी ते बरं.

मलम कानाच्या आतल्या, कमी केसांच्या बाजूला चोळतात. बोटात हातमोजा घालायचा, आधीच्या डोसचा सुकलेला थर ओल्या कापसाने पुसायचा, वाटाण्यापेक्षाही कमी असलेला तो ठिपका चोळायचा आणि पुढच्या वेळी दुसरा कान घ्यायचा. हातमोजा विसरलात तर औषध तुमच्या कातडीतून तुमच्या अंगात जातं. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम करूच नये. मलमाने ओकाऱ्या आणि अन्नावरची वासना जाणं कमी होतं, पण औषध कातडीतून शोषलं जाण्याचं प्रमाण मांजरागणिक बदलतं, परिणाम यायला जास्त वेळ लागतो आणि कान लाल होऊ शकतो. गोळी शक्य असेल तर मी गोळीच निवडेन. रोजच्या गोळीने माणूस आणि मांजर यांचं नातं कुस्तीवर आलं असेल तर मात्र खुशाल मलमाकडे वळा. कागदावर उत्तम असलेली आणि पोटात न गेलेली गोळी काय कामाची?

दुष्परिणाम दोन्हींत लक्षात ठेवायचे आणि ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांत दिसतात. ओकारी, सुस्ती आणि कमी खाणं हे नेहमीचे. डोस कमी केला की बऱ्याचदा सुधारतात. मांजर स्वतःचा चेहरा आणि मान रक्त येईपर्यंत ओरबाडायला लागलं, डोळे-हिरड्या पिवळट दिसल्या, ताप आला किंवा कुठून रक्त येऊ लागलं, तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करायचा. ताप किंवा रक्त ही पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कोसळल्याची खूण असू शकते, पिवळेपणा यकृत दुखावल्याची. म्हणून सुरुवातीला दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासायचं, घडी बसल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी. औषध स्वस्त आणि तपासण्या जन्मभराच्या, हा हिशेब आधीच मांडून ठेवा.

खास आहार

ऐकायला हा सगळ्यात सोपा. संप्रेरक बनवायला ग्रंथीला आयोडीन लागतं, ते अन्नातून जवळजवळ काढून टाकायचं. हिल्स कंपनीचं वाय/डी हे त्यातलं नाव, २०११ च्या सुमाराला आलं. मांजराने खाल्लं तर महिन्या-दोन महिन्यांत टी-४ खाली येतो, गोळी नको, सुई नको.

अडचण एकच, पण मोठी. आयुष्यभर दुसरा घास चालत नाही. बक्षिसाचा तुकडा नको, शेजारच्या मांजराच्या वाटीतलं नको, बाहेर फिरून पकडलेला उंदीर नको. घरात दोन-तीन मांजरं असतील तर वाट्यांवर पहारा कोण देणार? शिवाय टी-४ फारच वर गेलेला असेल तर नुसत्या आहाराने तो खाली येईलच असं नाही, आणि काही मांजरं हे अन्न हुंगून तोंड फिरवतात. म्हातारं मांजर उपाशी ठेवून हट्टाला पेटायचं नसतं, दोन-तीन दिवस न खाल्ल्याने यकृत बिघडू शकतं. गोळी चालू असताना हा आहार जोडीला द्यायचा नसतो, दोन्हींपैकी एक. एकुलतं एक, घरातच राहणारं, मिळेल ते खाणारं आणि गोळी-मलम दोन्हींना वैतागलेलं मांजर असेल तरच मी याचा विचार करेन.

आयोडीन आणि ऑपरेशन

दोन्ही कायमचा इलाज म्हणून समोर येतात, पण आज दोन्ही सारख्याच सहज मिळत असते तर बहुतेकांनी आयोडीनच निवडलं असतं, आणि बरोबर निवडलं असतं.

कारण आजाराच्या स्वभावात आहे. थायरॉईडचे गळ्यात दोन भाग असतात आणि आजारी मांजरांपैकी साधारण ७० टक्क्यांत दोन्ही भागांत वाढ असते. काहींच्या छातीतही थायरॉईडच्या पेशी भरकटलेल्या असतात. सर्जनला जे दिसतं तेच तो काढतो. आयोडीन-१३१, म्हणजेच ते किरणोत्सारी आयोडीन, रक्तातून फिरतं आणि जिथे जिथे वाढलेली ग्रंथी आहे तिथे जाऊन बसतं. त्याचे किरण ऊतीत जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे आजूबाजूच्या भागाला धक्का लागत नाही. निरोगी ग्रंथी त्या काळात झोपलेली असल्याने आयोडीन फारसं उचलत नाही आणि वाचते. एक इंजेक्शन, बहुधा कातडीखाली, भूल नाही. सुमारे ९५ टक्के मांजरं एका डोसात बरी होतात.

किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. मांजराच्या अंगातून किरणोत्सार ठरलेल्या पातळीखाली येईपर्यंत त्याला केंद्रातच राहावं लागतं. नियमांप्रमाणे कुठे काही दिवस, कुठे दोन-तीन आठवडे. भेटायला जाता येत नाही आणि हाताळणीही कमीत कमी ठेवतात. रोज इन्सुलिन लागणारं, हृदयाचा तोल सांभाळून असलेलं किंवा घर सुटलं की अन्न सोडणारं मांजर तिथे अडचणीत येतं. घरी आल्यावरही दोनेक आठवडे मांडीवर घेऊन बसणं, शेजारी झोपवणं बंद, लिटर सांगितल्याप्रमाणे वेगळं साठवायचं, लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया लांब. आयोडीनआधी गोळी किंवा खास आहार किती दिवस थांबवायचा ते केंद्र सांगतं.

आणखी एक धोका कमी बोलला जातो. काही मांजरांत ग्रंथी गरजेपेक्षा जास्त मरते आणि थायरॉईड उलट कमी पडतो. हे किडनीला भोवतं. म्हणून एक, तीन आणि सहा महिन्यांनी टी-४ आणि क्रिएटिनिन पाहायचे. टी-४ तळाला आणि क्रिएटिनिन वर, ही जोडी दिसली तर थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाचीच, गोळी सुरू करावी लागते.

ऑपरेशन कुठे बसतं? आयोडीनचं केंद्र आवाक्यात नाही, गाठ एकाच बाजूला आहे आणि भूल झेपेल असं हृदय आहे, तिथे. तेही आधी काही आठवडे गोळीने थायरॉईड आटोक्यात आणून. खरी जोखीम थायरॉईडला चिकटलेल्या इवल्याशा पॅराथायरॉईड ग्रंथींची. त्या दुखावल्या किंवा निघून गेल्या की कॅल्शियम कोसळतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत मांजर तोंड चोळू लागलं, कान-पापण्या फडफडू लागल्या, चाल ताठली, तर तासभरही थांबू नका, पुढची पायरी झटके असते. एक बाजू काढल्यावर महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसरी वाढू शकते, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. शंभरात दोन-तीन मांजरांच्या गाठीत कर्करोग असतो, तिथे ऑपरेशन किंवा आयोडीनचा मोठा डोस याचा निर्णय तज्ज्ञांवरच सोडावा.

आयोडीनच्या बाजूने एक अभ्यास नेहमी दाखवला जातो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नुसत्या मेथिमॅझोलवर असलेल्या मांजरांच्या जगण्याचा मध्यक (निम्मी त्याहून कमी, निम्मी जास्त) दोन वर्षं होता, आयोडीन दिलेल्यांचा चार. आकडा बोलका आहे, पण जपून वाचा: दोन्ही गटांतली मांजरं मुळात सारखी असतीलच असं नाही.

वय आणि घर बघून

अकरा-बारा वर्षांचं मांजर, किडनी-हृदय ठीक: गोळीवर महिनाभर बघून आयोडीन. पुढे चार-पाच वर्षं दोन वेळा गोळ्या आणि दर तिमाहीला सुई यापेक्षा ते दोन-तीन आठवडे परवडतात.

पंधरा-सोळाच्या पुढचं, किडनी आधीच लंगडी: औषधच. टी-४ सामान्य पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात ठेवतात, पण अशा मांजरात डॉक्टर डोस हळूहळू चढवतात आणि दर वेळी क्रिएटिनिन बघून थांबतात. फार खाली नेण्याचा हव्यास नको.

कुणालाच अंगाला हात लावू न देणारं, अर्धं घरात अर्धं बाहेर असलेलं: इथे गोळी, मलम आणि आहार तिन्ही फसतात. आयोडीन मिळत असेल तर सगळ्यात जास्त फायदा याच मांजराला.

एखादं फार थकलेलं, सोबत दुसरा गंभीर आजार असलेलं मांजर असतं. तिथे थायरॉईडचा पुरा इलाज न करता हृदयाची गती आणि रक्तदाब सांभाळणारी औषधं देऊन त्याला आरामात ठेवणं हाही रास्त निर्णय आहे, आणि तो डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडावा.

निवड कुठलीही असो, दर रविवारी वजन करा. आधी तुम्ही एकटे काट्यावर, मग मांजराला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी. वजन वाढायचं थांबून पुन्हा घटायला लागलं की पुढच्या तपासणीची तारीख येण्याची वाट बघू नका.