उपचार उत्तम, पण शिफ्ट बदलली की वागणूक बदलते

रेटिंग पाचपैकी तीन. नाव मुद्दाम देत नाहीये, पुण्यातलं मध्यम आकाराचं खाजगी हॉस्पिटल आहे एवढं पुरे. माझ्या पार्टनरला डेंग्यू झाला, पाच दिवस ॲडमिट होता, प्लेटलेट्स 22 हजारांवर आल्या होत्या. आम्ही दोघं पुरुष आहोत, नऊ वर्षं एकत्र राहतोय. हा रिव्ह्यू डॉक्टरांपेक्षा सिस्टर लोकांबद्दल जास्त आहे, कारण डॉक्टर राउंडला येऊन पाच मिनिटांत जातात, बाकी चोवीस तास पेशंट सिस्टरच्याच हातात असतो.

ॲडमिशनच्या फॉर्मवर पेशंटशी नातं असा रकाना असतो, तिथे काउंटरवाल्याने न विचारताच 'मित्र' लिहून टाकलं. अंगात 103 ताप, तेव्हा वाद घालायची वेळ नव्हती. रात्री सिस्टर फाइल घेऊन आल्या, "घरचं कोण आहे?" म्हटलं मीच. "भाऊ का?" म्हटलं नाही, आम्ही जोडीदार आहोत, त्याचे आईवडील आमच्याशी बोलत नाहीत. त्यांनी 'मित्र' खोडलं, वर 'जोडीदार' लिहिलं, बाजूला सही केली आणि लगेच कामाचं बोलायला लागल्या, "मग तुम्हीच लिहून ठेवा, पाणी किती घेतलं, लघवी किती झाली, सगळं एमएलमध्ये. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका, डेंग्यूत खरी काळजी ताप उतरल्यावरच घ्यावी लागते." खरं सांगतो, मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

सकाळची शिफ्ट आली आणि सगळं बदललं. दोघी दारात कुजबुजत होत्या, मग एकीने शेजारच्या काकांचं बीपी उघड्या हाताने घेतलं आणि आमच्या बेडकडे येताना ग्लोव्हज चढवले, ते पण एकावर एक दोन, नुसता बीपीचा पट्टा बांधायला! त्याने ते बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्या दिवशी त्याने बेल दाबलीच नाही, दोनदा उलटी झाली, पोटात दुखत होतं, तरी मी ऑफिसमधून येईपर्यंत तसाच पडून राहिला. डेंग्यूमध्ये सारख्या उलट्या आणि पोटदुखी हीच धोक्याची लक्षणं असतात. सिस्टरला सांगायची लाज वाटली तर पेशंट जीव गमावू शकतो, म्हणून मी हे इतकं लांबलचक लिहितोय. प्लेटलेट्स किती आल्या विचारलं तर मला उत्तर मिळालं, "घरच्यांना पाठवा."

त्याच रात्री प्लेटलेट्स चढवायच्या ठरल्या. माझा ग्रुप जुळत होता, पण 2017 च्या नियमांप्रमाणे आमच्यासारख्या पुरुषांना रक्तदान करता येत नाही आणि मला फॉर्मवर खोटं लिहायचं नव्हतं. ऑफिसमधला एक मित्र धावत आला. रात्रीच्या सिस्टर दोन वाजता बॅग लावून त्याच्या उशाशी उभ्या होत्या, दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावून बघत होत्या, थंडी वाजतेय का, अंगाला खाज येतेय का विचारत होत्या. त्यांच्या हातात तेव्हा ग्लोव्हज नव्हते.

डिस्चार्जच्या बिलात एचआयव्ही टेस्ट लावलेली दिसली, आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. शेजारच्या काकांनाही डेंग्यूच होता, त्यांच्या बिलात ही टेस्ट नव्हती. संमतीशिवाय ही टेस्ट करायची नाही असा 2017 चा कायदा आहे. आणि समजा पॉझिटिव्ह आली असती तरी बीपी घ्यायला ग्लोव्हज लागत नाहीत, रक्ताशी संबंध येतो तिथे घालायचे आणि तिथे सगळ्याच पेशंटना घालायचे.

जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला बॉडी ताब्यात घेऊ द्या असं केंद्राने 2024 मध्ये राज्यांना कळवलंय, चांगलंच झालं. पण मला माझा माणूस जिवंत असताना त्याचा रिपोर्ट समजायला हवा.

स्वच्छता, लॅब, जेवण याबद्दल काही तक्रार नाही. मेट्रनना भेटून सगळं सांगितलं, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, टेस्टचे पैसे परत मिळाले. फॉर्मवर जोडीदार हा पर्याय छापून घेते आणि सगळ्या शिफ्टच्या सिस्टरना एकत्र बसवून बोलते असं म्हणाल्यात. पुढच्या महिन्यात फॉलोअपला जायचंय, तेव्हा नवीन फॉर्म बघून इथेच अपडेट करतो.